मुखलेप : वचन आणि प्रचीति

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत तोंडास लावावयाच्या मलमांचें परीक्षण पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें मी जाणून आहें. प्राध्यापकानें कादंबरीचें परीक्षण करावें, फार तर नाटकाचें करावें; प्रसाधनाच्या फळीकडे त्यानें वळावें हें ना त्याच्या वयास शोभत, ना पेशास, असें माझ्या एका सहाध्यापकांनीं मला तोंडावरच सांगितलें. त्यांस मीं जें उत्तर दिलें तेंच येथें देतों. ग्रंथाचें परीक्षण करतांना आपण मुख्यतः दोन प्रश्न विचारतों : ह्या ग्रंथानें वाचकास काय देऊं केलें आहे, आणि जें देऊं केलें तें त्यानें दिलें आहे काय? आज आपल्या घरोघरीं ग्रंथांपेक्षां अधिक आवडीनें आणि कितीतरी अधिक श्रद्धेनें वाचला जाणारा मजकूर कोणता असेल, तर तो नळ्यांच्या आणि बाटल्यांच्या अंगावर छापलेला मजकूर होय. इतका लोकप्रिय मजकूर टीकेवांचून राहावा हें टीकाकारांच्या धंद्यास भूषणावह नाहीं.

हें झालें सभेंत सांगावयाचें कारण. खरें कारण निराळें आहे व तें सांगतांना मला थोडी लाज वाटते. तीन वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीच्या दोन्ही गालांवर वांग उठले. डॉक्टरांकडे जाण्याऐवजीं आम्ही औषधांच्या दुकानांत गेलों, आणि दुकानदारानें क्षणाचाहि विचार न करतां एक नळी पुढें केली. महिन्याभरांत गाल उजळले. शेजारणींनीं चौकशी केली, आणि हिनें मोठ्या कौतुकानें तें नांव दोघींस लिहून दिलें. सहावा महिना लागला तेव्हां मात्र एक रात्र मलम चुकलें तरी चेहरा तांबडालाल होऊन त्याची आग होऊं लागली. उन्हांत पाऊल टाकवेना. गालांवर बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें दिसूं लागलें. हनुवटीवर लव वाढली. अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलों. त्यांनीं ती नळी हातांत घेऊन उलटसुलट पाहिली आणि मला विचारलें, “सर, ही आपण वाचली होती का?” नळीवर तीन औषधांचीं नांवें स्पष्ट छापलेलीं होतीं : रंग फिका करणारें हायड्रोक्विनोन, त्वचेचा थर पालटणारें ट्रेटिनॉइन, आणि तिसरें एक जोरकस स्टेरॉइड. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नये, ही सूचनाहि तेथेंच होती. तीस वर्षें मुलांस ‘वाचावें कसें’ हें शिकविणाऱ्या मनुष्यास बोटभर लांबीचा एक मजकूर वाचतां आला नव्हता.

अशीं मिश्रणें चेहऱ्यास सर्रास फासलीं जाऊन होणारी हानि वैद्यकांस पुष्कळ दिवस ठाऊक आहे. २०१८ सालीं सरकारनें चौदा स्टेरॉइडयुक्त मलमांची चिठ्ठीवांचून होणारी विक्री बंद करण्याचा हुकूम काढला, तो ह्याच कारणास्तव. नियम आहे, दुकानहि आहे. त्या दिवसापासून मात्र मीं नेम केला, कीं घरांत येणारी प्रत्येक नळी आधीं वाचावयाची. मुलीनें आपल्या फळीवरील साराच संग्रह माझ्या टेबलावर आणून मांडला. पुढील परीक्षण हें त्या वाचनाचें फळ आहे.

प्रथम जुन्या पिढीचा थोडा परामर्श घेतला पाहिजे. आमच्या आजीच्या फडताळांत दोनच वस्तू असत : एक कोल्ड क्रीम आणि दुसरा स्नो. कोल्ड क्रीम म्हणजे मेण, तेल आणि पाणी ह्यांचें मिश्रण. अंगास लावतांच त्यांतील पाणी उडून जातें आणि त्वचेस गार वाटतें, म्हणून तें ‘कोल्ड’. स्नो म्हणजे स्टिअरिक आम्लाचा कांहीं भाग क्षारानें साबणासारखा करून पाण्यांत घोटलेला पांढरा लेप. तो चोळतांच दिसेनासा होतो. ई. एस. पाटणवाला ह्यांनीं १९१९ सालीं मुंबईस काढलेला ‘अफगाण स्नो’ ह्याच जातीचा. कलकत्त्यास १९२९ सालीं निघालेलें ‘बोरोलीन’ हें आणखी निराळें : बोरिक आम्ल, जस्ताचें भस्म आणि लोकरीची चरबी ह्यांचें तें चिकट पण गुणी मलम. ह्या सर्वांच्या वचनांत एक प्रकारचा विनय होता. फुटलेले ओठ, भेगाळलेल्या टाचा, थंडीनें उललेले गाल, एवढ्यापुरताच त्यांचा पैजेचा विडा. आणि तो विडा तीं बऱ्याच अंशीं पुरा करीत. स्नोबद्दल तर असें म्हणतां येईल, कीं नाहींसें होण्याचें वचन देऊन तो खरोखरच नाहींसा होई. प्रतिज्ञा आणि प्रचीति ह्यांचा इतका मेळ पुढील काळांत क्वचितच आढळतो.

१९७५ च्या सुमारास ह्या फळीवर दोन नव्या नळ्या आल्या, आणि त्या दोहोंची तुलना उद्‌बोधक आहे. पहिली ‘विको टर्मरिक’. पेंढारकर घराण्याच्या ह्या मलमानें हळद आणि चंदन हीं आपल्या देवघरांतील व लग्नमांडवांतील द्रव्यें नळींत भरलीं. आपण प्रसाधन नव्हेच, असें ती जाहिरातींतून गाऊन सांगे. आणि मौज अशी, कीं तें प्रसाधन कीं आयुर्वेदीय औषध हा प्रश्न अबकारी कराच्या निमित्तानें कैक वर्षें न्यायालयांत झुंजला जाऊन निकाल औषधाच्या बाजूनें लागला. एखाद्या ग्रंथाचा वाङ्मयप्रकार कोणता हें ठरविण्यास न्यायाधीश बसावे, असाच हा प्रकार झाला. हें मलम वापरून पाहिलें. वास घरगुती, स्पर्श जरा जड, आणि पिवळा रंग चोळतां चोळतां जातो. मात्र हळदीच्या पुण्याईवर कोणी भर दुपारीं उन्हांत जाऊं नये. हळद म्हणजे सनस्क्रीन नव्हे.

दुसरी नळी ‘फेअर अँड लव्हली’. हिच्या नांवांतच तिचा सिद्धान्त होता : आधीं गोरी, मग गोड. हिच्या जाहिराती ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस तें कथानक पाठ असेल. सांवळ्या मुलीस नोकरी मिळत नाहीं, स्थळ येत नाहीं; कांहीं आठवडे लेप लावला जातो; रंग पायरी पायरीनें उजळतो आणि नोकरी, नवरा, बापाच्या तोंडावरचें हंसूं, सारें एकदम प्राप्त होतें. कादंबरींत असें कथानक कोणी लिहिलें तर आपण त्यास बालिश म्हणूं. पण घरोघरच्या दूरदर्शनच्या पडद्यावर तें वर्षानुवर्षें चाललें. २०१४ सालीं जाहिरातदारांच्या स्वनियामक संस्थेनें सांवळ्या वर्णास हीन लेखूं नये असे नियम केले, आणि २०२० सालीं कंपनीनें नांवांतील ‘फेअर’ काढून त्या जागीं ‘ग्लो’ घातलें. मथळा बदलला, परंतु बाजारांतील इतर नळ्यांकडे पाहतां वाचकांची वाचण्याची संवय बदललेली दिसत नाहीं.

तथापि परीक्षकास अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट आंतील द्रव्यांत आहे. ह्या मलमाचा भर होता तो नायासिनामाइड नांवाच्या जीवनसत्त्वावर आणि त्याच्या जोडीस ऊन अडविणाऱ्या द्रव्यांवर. नायासिनामाइड त्वचेंतील रंगद्रव्य वरच्या थरांत पोंचण्यास थोडासा अडथळा करतें. ऊन अडविणारीं द्रव्यें नव्यानें रापूं देत नाहींत. म्हणजे लेपाचें खरें सामर्थ्य, जें कांहीं होतें तें, बव्हंशीं रक्षणाचें होतें. उन्हापासून तुझें रक्षण करतों, एवढें साधें वचन देण्यासारखें असतांना, तुझा वर्ण पालटतों, हें मोठें वचन पुढें करण्यांत आलें. येथेंच ह्या साऱ्या फळीचें मूळ दुखणें आहे असें मला वाटतें. आपल्याकडे रक्षणाची वस्तु वर्णाच्या भाषेंत विकली गेली; आणि ज्यानें ती वर्णासाठीं विकत घेतली त्यानें ती वर्णासाठींच वापरली. लग्नकार्यापूर्वीं दोन महिने लावली, मग टाकून दिली. पंढरीच्या देवास ज्या भाषेनें लाडानें सांवळा म्हटलें, त्याच भाषेंतील विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’ हें विशेषण अजून पहिल्या ओळींत बसतें. गव्हाळ, निमगोरा, काळासांवळा, हे आपल्या शब्दसंपत्तीचे बारकावे खरे. परंतु ते बहुधा वधूपरीक्षेच्या कामीं आले आहेत. ह्या हव्यासाची किंमत कधीं कधीं फार भारी पडते. २०२३ च्या आरंभीं अकोल्याच्या एकाच घरांतील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांस पाऱ्यानें इजा झाल्याचें वृत्त सर्वांनीं वाचलें असेल. तो पारा गोरेपणाच्या एका स्थानिक मलमांतून आला होता.

आतां मुख्य विषयाकडे, म्हणजे सनस्क्रीनकडे वळूं. ‘आतपरोधक लेप’ असा बोजड शब्द मी घडवीत बसत नाहीं. घरांत व दुकानांत जो शब्द चालतो तोच येथें पुरे. प्रसाधनाच्या साऱ्या फळीवर हीच एक वस्तु अशी आहे, कीं जिचें वचन विशेषणांत नसून आंकड्यांत आहे. ‘तेजस्वी’, ‘नितळ’, ‘तरुण’ ह्या शब्दांस कोणीहि मोजूं शकत नाहीं, एस. पी. एफ. ३० किंवा ५० ह्या आंकड्यास मोजतां येतें. ऑस्ट्रियाचे रसायनज्ञ फ्रान्झ ग्राइटर ह्यांनीं १९४६ सालीं आपला हिमनदीचा लेप बाजारांत आणला, आणि पुढें हा आंकडा प्रचारांत आणला. त्याचा अर्थ असा : उघड्या त्वचेवर लाली उठण्यास अतिनील किरणांची जितकी मात्रा लागते, तिच्या किती पट मात्रा लेप लावलेल्या त्वचेवर लागते. १५ चा लेप लाली आणणारे सुमारें ९३ टक्के किरण अडवितो, ३० चा ९७, आणि ५० चा ९८. म्हणजे तीस आणि पन्नास ह्यांत दुकानदार दाखवितो तेवढें अंतर नाहीं.

पण हा आंकडा नीट वाचावयाचा तर तो कोणाच्या अंगावर मोजला हेंहि पाहिलें पाहिजे. लाली हें त्याचें प्रमाण. आणि प्रयोग होतात ते ज्यांची त्वचा उन्हानें सहज भाजते अशा गोऱ्या माणसांवर. आपल्या त्वचेंत रंगद्रव्याची निसर्गदत्त छत्री आहे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आफ्रिकी वंशाच्या त्वचेचें हें अंगभूत रक्षण तेराच्या आसपास, तर गोऱ्या त्वचेचें तीन-चार भरलें. आपण ह्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी येतों. त्यामुळें गोऱ्या लोकांस जी त्वचेच्या कर्करोगाची भीति असते ती आपणांस पुष्कळ कमी आहे. आपलें दुखणें लालीचें नसून डागांचें आहे : वांग, पुटकुळी बरी झाल्यावर मागें राहणारी काळी खूण, कपाळाचा व गालफडांचा राप. हे डाग उठविण्यांत लाली आणणाऱ्या किरणांपेक्षां अधिक लांबीच्या अतिनील किरणांचा, ज्यांस ‘ए’ वर्गाचे किरण म्हणतात त्यांचा, वांटा मोठा. आणि सांवळ्या त्वचेवर तर डोळ्यांस दिसणारा प्रकाशहि डाग गडद करतो. इंग्रजी वृत्तांचे आघात मोजण्याचें माप घेऊन आपल्या मात्रावृत्तांचा दोष काढावा, तशांतलाच हा प्रकार होतो. माप खोटें नाहीं. तें दुसऱ्याच छंदाचें आहे.

म्हणून नळीवर एस. पी. एफ. च्या शेजारीं पी. ए. ह्या अक्षरांपुढें किती अधिक-चिन्हें आहेत तें पाहावें. ही जपानी उत्पादकांची पद्धति असून ती १९९६ पासून चालत आली आहे; ‘ए’ वर्गाचे किरण अडविण्याची शक्ति ती दाखविते, आणि २०१३ पासून तिची सर्वांत वरची पायरी चार चिन्हांची आहे. खिडकीची साधी कांच लाली आणणारे किरण अडविते, परंतु ‘ए’ वर्गाचे पुष्कळसे किरण आंत सोडते. त्यामुळें दिवसभर खिडकीशीं किंवा मोटारींत बसणारास आपण सांवलींत आहों असें वाटतें, तें अर्धेंच खरें.

मुलीच्या संग्रहांतील नळ्यांचे तीन वर्ग पडतात. मी त्यांचीं नांवें घेत नाहीं, कारण ह्या बाजारांत एकाच नांवाखालीं आंतील मिश्रण वरचेवर पालटतें. ग्रंथाची दुसरी आवृत्ति निघावी, निम्मीं प्रकरणें बदलावीं आणि मुखपृष्ठावर त्याचा उल्लेखहि नसावा, तसें हें आहे. वर्ग ओळखतां आला म्हणजे वाचकांस पुरें.

पहिला वर्ग जस्ताच्या व टायटॅनियमच्या भस्माचा. नळीवर झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड हीं नांवें दिसलीं कीं तो ओळखावा. ह्या वर्गाचे विक्रेते सांगतात कीं हीं भस्में आरशाप्रमाणें किरण परतवितात आणि लेपांत ‘रसायन’ नाहीं. दोन्ही विधानें सदोष आहेत. हीं द्रव्यें अतिनील किरण मुख्यतः शोषूनच घेतात, परतवितात तो अल्पांश. आणि जस्ताचें भस्म हें रसायन नव्हे तर काय वनस्पति आहे? पण गुण खरे आहेत. नाजूक त्वचेस हा लेप सहसा झोंबत नाहीं. डोळ्यांत पाणी येत नाहीं. उन्हांत द्रव्य बिघडत नाहीं. दोष एकच, पण तो आपल्याकडे फार दिसतो : सांवळ्या चेहऱ्यावर राखेचा हात फिरविल्यासारखी पांढुरकी झांक येते. मी हा लेप लावून वर्गांत गेलों तेव्हां पहिल्या बांकावरील मुलीनें, सर, बरें नाहीं का, असें विचारलें. गोऱ्या त्वचेसाठीं रचलेली ही कविता आपल्याकडे भाषांतरांत अशी फिकी पडते.

दुसरा वर्ग सेंद्रिय रसायनांचा : ॲव्होबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलिन इत्यादि. हे लेप पाण्यासारखे पातळ, दिसत नाहींत, आणि बहुतेकांस तेच आवडतात. वाचकानें येथें जरा बारकाईनें वाचावें. ॲव्होबेन्झोन हें ‘ए’ वर्गाच्या किरणांवर चांगलें औषध, पण तें उन्हांत स्वतःच विरत जातें. ऑक्टिनॉक्सेटची सोबत असली तर तें अधिकच लवकर बिघडतें, आणि ऑक्टोक्रिलिनची असली तर तग धरतें. एकाच पानावरील दोन शब्द परस्परांचा अर्थ मारतात किंवा तारतात, हें ज्यांनीं काव्य वाचलें आहे त्यांस सांगावयास नको. ह्या वर्गाचा प्रत्यक्ष दोष म्हणजे घाम. वैशाखांत कपाळावरून ओघळून हा लेप डोळ्यांत गेला कीं भर रस्त्यांत डोळे चोळीत उभें राहावें लागतें. ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्सिबेन्झोन ह्या दोन द्रव्यांच्या लेपांची विक्री प्रवाळांच्या रक्षणासाठीं हवाई बेटांनीं २०२१ पासून बंद केली आहे, हेंहि नोंदवून ठेवावें.

तिसरा वर्ग रंगीत लेपांचा. ह्यांत वरील द्रव्यांच्या जोडीस लोहाचे ऑक्साइड, म्हणजे साध्या भाषेंत गेरूच्या जातीचे रंग, घातलेले असतात. ते केवळ पांढुरकेपणा झांकण्यासाठीं आहेत अशी माझी समजूत होती. ती चुकीची ठरली. डोळ्यांस दिसणारा प्रकाश अडविण्याचें काम हे लोहरंगच करतात. मेक्सिकोंतील वैद्यांनीं २०१४ सालीं वांगाच्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगांत, केवळ अतिनील किरण अडविणाऱ्या लेपापेक्षां दृश्य प्रकाशहि अडविणाऱ्या लेपानें अधिक गुण आला. आमच्या घरचा अनुभव ह्यास दुजोरा देतो. माझ्या मतें वांग असलेल्या मराठी चेहऱ्यास तिन्हींत हाच वर्ग प्रशस्त. त्याचा दोष असा, कीं रंगाच्या छटा दोन-तीनच मिळतात आणि त्यांतील बहुतेक आपल्याहून उजळ माणसांच्या बेताच्या असतात. शिवाय सदऱ्याच्या गळ्यास डाग पडतात.

आंकड्याची स्तुति मीं वर केली. आतां त्याचें उणें सांगतों. हा आंकडा मोजतांना दर चौरस सेंटिमीटरास दोन मिलिग्रॅम इतका लेप लावतात. चेहरा आणि मान मिळून सुमारें सहाशें चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळीं सव्वा ग्रॅमच्या जवळपास लेप लागतो. तर्जनी आणि मध्यमा ह्या दोन बोटांवर टोंकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा साधारण एवढ्या भरतात. म्हणजे पन्नास ग्रॅमची नळी रोज एकदां लावली तर चाळीस दिवस, आणि घराबाहेर असतां दुपारीं पुन्हां लावली तर वीस दिवस पुरेल. आमच्या घरीं चैत्रांत आणलेली नळी दिवाळींत अभ्यंगस्नानाच्या वेळीं फडताळांत दिसली, आणि तरीहि आम्ही ‘पन्नासाचा’ लेप लावतों अशी आमची समजूत होती. लेप पातळ लावला कीं आंकडा निदान त्या प्रमाणांत, आणि कित्येकदां त्याहून अधिक उतरतो. नळी पांचशें रुपयांची धरली, तर पुरेसा लेप लावणाऱ्या माणसास महिन्यास चारशेंच्या घरांत खर्च येतो. ही गोष्ट नळीवर छापलेली नसते. आणि ती छापली तर किती घरांत दुसरी नळी येईल, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

दुसरें उणें उत्पादकांच्या सचोटीचें. २०२५ सालीं ऑस्ट्रेलियांतील ‘चॉइस’ ह्या ग्राहकसंस्थेनें ५० किंवा त्याहून अधिक आंकडा सांगणारे वीस लेप तपासले. त्यांतील सोळा सांगितल्या आंकड्यास उतरले नाहींत, आणि एकाचा आंकडा तर अवघा चार भरला. तें उत्पादन त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें बाजारांतून काढून घेण्यांत आलें. त्याच सालीं आपल्याकडेहि दोन मोठ्या उत्पादकांत, पन्नासाच्या लेपांत खरोखर पन्नास आहे कीं वीसच, अशा आशयाच्या जाहिरातीवरून वाद होऊन तो न्यायालयापर्यंत गेला, आणि जाहिरातींत बदल करण्याचें ठरलें. ह्यावरून कोणी सारेच लेप खोटे असा निष्कर्ष काढील, तर तो घाईचा होईल. मला ह्यांत उलट आशेस जागा दिसते. ‘चेहरा चांदण्यासारखा उजळेल’ ह्या वचनावर कोणी कोणास न्यायालयांत खेंचूं शकत नाहीं. ‘पन्नास’ ह्या वचनावर खेंचतां येतें. ज्या वाक्याचा खोटेपणा सिद्ध होऊं शकतो, तेंच वाक्य खरें असण्यासहि पात्र असतें.

आणि तें खरें असल्याची प्रचीतिहि आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांतील नॅम्बोर ह्या गांवीं १९९२ पासून साडेचार वर्षें १,६२१ रहिवाशांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांस रोज लेप लावण्यास सांगितलें, निम्म्यांस आपल्या मर्जीवर सोडलें. रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गांठी सुमारें चाळीस टक्क्यांनीं कमी झाल्या. आणि पंचावन्न वर्षांखालील लोकांच्या हातांची त्वचा तपासली तेव्हां रोज लावणाऱ्यांत वार्धक्याच्या खुणांची वाढ २४ टक्क्यांनीं कमी आढळली. हे लोक बहुतेक गोरे, हें विसरूं नये. पण ‘रोज’ ह्या एका शब्दाचें महत्त्व त्यावरून कळतें. लेप कोणता, ह्यापेक्षां तो नित्य लावला कीं नाहीं, हाच भेद त्या गांवीं तपासला गेला.

फळीवरील उरलेल्या बाटल्यांबद्दल थोडक्यांत सांगतों. तोंड धुण्यास सौम्य द्रव असावा, धुतल्यावर कातडें ताणल्यासारखें वाटलें तर तो आपला नव्हे. रुक्ष त्वचेस ग्लिसरिनयुक्त साधा ओलावा देणारा लेप पुरे, मग तो स्वस्त असला तरी बिघडत नाहीं. टोनर नांवाचें जें पाणी विकलें जातें त्यावांचून कोणाचें अडल्याचें मीं पाहिलें नाहीं. सीरम ह्या थेंबांत नायासिनामाइड उपयोगी आहे, पण त्याची गति मंद आहे. रात्रीं लावावयाचें रेटिनॉल हें डॉक्टरांस विचारूनच लावावें. मुलीच्या फळीवर अकरा बाटल्या होत्या. वाचन संपलें तेव्हां तिनें आपण होऊन चार ठेवल्या. मला तिनें तीनांचा हुकूम मानावा असें वाटत होतें, पण चौथीस सुवास चांगला होता, म्हणून मींहि आग्रह धरला नाहीं.

एक आक्षेप मात्र मनास अजून लागून राहिला आहे. उन्हाचा खरा मारा ज्यांच्या तोंडावर होतो त्या ऊंसतोडणीच्या बायका, रस्त्यावर खडी टाकणारे मजूर, विदर्भांत कापूस वेंचणाऱ्या स्त्रिया, ह्यांच्यापर्यंत ही चर्चा पोंचत नाहीं. महिन्यास चारशें रुपयांचा लेप त्यांस सांगणें ही थट्टा होईल. त्यांनीं आपला उपाय आधींच शोधला आहे : कपाळावर ओढलेला पदर, तोंडाभोंवतीं गुंडाळलेला पंचा, नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा. पुण्याच्या दुचाकीवरील मुली तोंडास जो रुमाल गुंडाळतात त्यास हंसण्याचा प्रघात आहे. घट्ट विणीचें कापड ऊन अडवितें, घामानें ओघळत नाहीं आणि महिन्यास संपत नाहीं. टोपी, छत्री, पदर आणि अकरा ते तीनची सांवली ह्यांचें काम झाल्यावर मग लेपाचें काम सुरू होतें, हें ह्या परीक्षणांतील एकच वाक्य कोणीं लक्षांत ठेविलें तरी माझे श्रम सार्थकीं लागले असें मी समजेन.

पत्नीचा चेहरा शांत होण्यास सव्वा वर्ष लागलें. डाव्या गालावरील वांग अजून आहे. तो फिका झाला, गेला नाहीं. शेजारच्या ज्या दोघींस हिनें त्या नळीचें नांव लिहून दिलें होतें, त्यांच्याकडे ती स्वतः जाऊन आली. एकीनें ती नळी टाकून दिली, दुसरी म्हणाली, “अहो, पण मला तर चांगला गुण येतोय.” तिला ही परत जाऊन भेटली, तिसऱ्यांदा मी बरोबर गेलों आणि ती नळी तिच्यासमोर मोठ्यानें वाचून दाखविली. त्या बाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें, चहा दिला आणि विचार करीन म्हणाल्या. पुढें त्यांनीं काय केलें तें मला कळलें नाहीं. परंतु आमच्या घरीं आतां नवी नळी आली कीं ती आधीं माझ्या टेबलावर येते, आणि मी चष्मा पुसून मागची बाजू वाचावयास घेतों.